वाटेत आलेला संदेश: औषधांच्या घरपोच सेवेतील एका अपघाताचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वडोदऱ्यातील दांडिया बाजार भागात एका मराठी कुटुंबाचे औषधांचे जुने दुकान आहे. पुढील प्रकरण त्या दुकानाच्या घरपोच सेवेत घडले. दोन्ही बाजूंच्या कुटुंबांच्या संमतीने ते येथे मांडत असून, कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून दुकानमालकांना कायदेशीर सल्ला देण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे निर्णय कसे घेतले गेले आणि कुठे अडले, हे मला जवळून पाहता आले.

दुकानाचे बहुतेक गिऱ्हाईक वयस्कर आहे. ज्यांची मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी किंवा परदेशी आहेत अशा आजी-आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब घरी पोचवणे ही कोविडच्या काळात केलेली सोय होती, आणि नंतर तीच दुकानाच्या उत्पन्नाचा मोठा भाग झाली. त्यासाठी दोन तरुण नेमले होते. दोन्ही स्कूटर दुकानाच्या नावावर होत्या आणि कामाचा सगळा व्यवहार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चालत असे. मालक आणि त्यांची सून काउंटरवरून त्यात लिहीत आणि मुले वाटेतून उत्तर देत. नवी मागणी आली, पत्ता बदलला, कोणी घाई केली की संदेश जाई. मुलगा निझामपुऱ्याला निघालेला असताना त्याला मध्येच अकोट्याकडे वळवणे ही रोजची बाब झाली होती.

गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, असा नियम मालकांनी तोंडी घालून दिलेला होता. मात्र संदेशाला चार-पाच मिनिटांत उत्तर आले नाही तर काउंटरवरून लागोपाठ फोन जात. मुलांनी यातून काय अर्थ घ्यायचा तो घेतला.

आणखी एक बाब येथेच नोंदवली पाहिजे. अपघाताच्या काही महिने आधी याच दोघांपैकी एकाला वाहतूक पोलिसांनी हातात फोन असताना पकडले होते. गुजरातमध्ये ज्याला सगळे ‘मेमो’ म्हणतात ते दंडाचे चलन त्याला मिळाले, तडजोडीचे, म्हणजे खटला न चालवता गुन्हा मिटवण्याचे, ५०० रुपये भरले गेले आणि ते दुकानाच्या गल्ल्यातून दिले गेले. ती पावती पेट्रोलच्या बिलांबरोबर एकाच पिनेत टोचून ठेवलेली मला नंतर सापडली. मालकांच्या मनात वाईट हेतू नव्हता. मुलगा दुकानाच्या कामावर होता, म्हणून भुर्दंड दुकानाने सोसावा, असा त्यांचा सरळ विचार होता.

घटना

पावसाळा सरत आला होता. सायंकाळी सातच्या सुमारास, कारेलीबागेतील एका आतल्या रस्त्यावर, हाच चोवीस वर्षांचा तरुण स्कूटर चालवत होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, परवाना होता, वाहनाचा विमा चालू होता. खिशात फोन थरथरला. त्याने तो डाव्या हातात घेतला. ग्रुपवर संदेश होता: “कुठे पोचलास? आजोबांचं इन्सुलिन आधी दे. लगेच कळव.” तो उत्तर लिहू लागला. नंतर फोन उघडला तेव्हा लिहिण्याच्या चौकटीत ‘पाच मिनि’ एवढीच अक्षरे न पाठवता तशीच राहिलेली दिसली.

त्याच वेळी अडुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. स्कूटरचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असावा, असे त्याने स्वतः सांगितले. हा वेग कोणालाही जास्त वाटणार नाही. पण या वेगाने वाहन सेकंदाला आठ मीटरहून अधिक पुढे जाते, म्हणजे तीन सेकंद नजर खाली राहिली तर सुमारे पंचवीस मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. त्याने वर पाहिले तेव्हा ब्रेक दाबायला जागा उरली नव्हती. बाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले.

पहिला निर्णय तिथेच, रस्त्यावर झाला. गर्दीतल्या एकाने त्याला “निघ इथून, मार खाशील” असे सांगितले. तो गेला नाही. त्याने १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका येईपर्यंत बाईंजवळ बसून राहिला आणि नंतर स्वतः पोलीस चौकीत गेला. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना खबर देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्यच आहे. पण जमाव चिडलेला असताना ते पार पाडायला धैर्य लागते, आणि पुढे दोन्ही कुटुंबांत जे बोलणे होऊ शकले त्याचा पाया या एका वागण्याने घातला गेला, असे माझे मत आहे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातील दंडाच्या तरतुदी त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाल्या. धोकादायक वाहन चालवण्याविषयीच्या कलम १८४ मध्ये, लाल दिवा तोडणे आणि उलट दिशेने वाहन हाकणे यांच्या जोडीने, हातात धरलेल्या संपर्क-उपकरणाचा वापर स्पष्ट शब्दांत आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

एवढ्या कडक कलमाखालचा गुन्हा ५०० रुपयांत कसा मिटतो, असा प्रश्न मालकांनी मला पहिल्याच बैठकीत विचारला. कलम २०० राज्य सरकारला काही गुन्ह्यांची तडजोड रक्कम ठरवण्याचा अधिकार देते. कलम १८४ मधील बाकीचे सर्व प्रकार या सवलतीच्या बाहेर आहेत. हातातल्या फोनचा वापर तेवढा आत आहे. गुजरात सरकारने सप्टेंबर २०१९ मध्येच अनेक गुन्ह्यांची रक्कम खाली आणली आणि फोनसाठी पहिल्या वेळी ५०० रुपये ठरवले. मात्र याच कलम २०० ला एक परंतुक, म्हणजे पुरवणी अट, जोडलेले आहे, आणि मेमो भरणाऱ्या शंभरांतल्या नव्वद जणांना ते ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे: तडजोडीने मिटवलेला गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. पेट्रोलच्या बिलांत टोचलेल्या त्या पावतीने या तरुणाला दुसऱ्या गुन्ह्याच्या पायरीवर आधीच आणून ठेवले होते.

अपघातात गंभीर दुखापत झाल्यामुळे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमेही लागली: बेदरकार वाहन चालवण्याबद्दल कलम २८१ आणि गंभीर दुखापतीबद्दल कलम १२५ चा संबंधित भाग. दुसऱ्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. न्यायालयाच्या परवानगीने जखमी व्यक्ती त्यात तडजोड करू शकते, परंतु कलम २८१ मध्ये तशी सोय नाही.

पेच

वरवर पाहता प्रश्न एवढाच होता की चूक तरुणाची आहे आणि त्याने ती भोगावी. कायद्याची कारवाईही त्याच दिशेने जाणार होती. परंतु रुग्णालयात बाईंच्या मुलाने, राग आवरून, एकच गोष्ट विचारली: “तो उत्तर कुणाला देत होता?” मालक गप्प राहिले. तेथून पुढे हे प्रकरण केवळ चालकाच्या बचावाचे राहिले नाही.

फोन हातात घेणारा माणूस पोलिसांना आणि कॅमेऱ्याला दिसतो. समोरचा माणूस वाहन चालवतो आहे हे ठाऊक असताना त्याच्याकडून तत्काळ उत्तर मागणारा मात्र दुकानात, कार्यालयात किंवा घरात बसलेला असतो. कायद्याने त्याला पूर्णपणे मोकळे सोडलेले नाही. कलम १८८ नुसार कलम १८४ च्या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाऱ्यालाही, म्हणजे तो करण्यास चिथावणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्यालाही, मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. नुसता संदेश पाठवणे ही अपप्रेरणा ठरत नाही, आणि या प्रकरणात पोलिसांनी ते कलम लावलेही नाही. तरीही ‘लगेच कळव’ हे शब्द, ते लिहिणाऱ्याला मुलगा रस्त्यावर असल्याची जाणीव, आणि उत्तर न आल्यास पुन्हा फोन करण्याची रीत, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर मालकांनी स्वतःला निर्दोष समजण्यास फारशी जागा उरत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवला. ग्रुपवरचे त्या संध्याकाळचे संदेश सर्वांच्या फोनवरून काढून टाकावेत, आणि बाई अचानक मध्ये आल्या असे मुलाने सांगावे. या सल्ल्याला मालकांचे मन काही तास अनुकूल होते, कारण सुनेचे नाव पोलिसांच्या कागदावर येईल याची त्यांना धास्ती होती. मी त्याला ठाम विरोध केला. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पाठवणाऱ्याकडून पुसलेला संदेश घेणाऱ्याच्या फोनवर ‘हा संदेश काढून टाकला आहे’ अशी खूण मागे ठेवतो, आणि वेळेसह राहिलेली ती खूण मूळ मजकुरापेक्षाही संशयास्पद दिसते. याहून मोठे कारण वेगळे होते: आयुष्यभर मुलांना शिकवलेली एक बाई खाटेवर असताना दोष तिच्यावर ढकलणे हे त्या घराच्या रीतीत बसणारे नव्हते, आणि मालकांनाही ते आतून पटत नव्हते.

दुसरा पर्याय पोलिसांच्या बाहेर पैसे देऊन मिटवण्याचा होता. गुन्हा नोंदला गेल्यामुळे तो तसाही उरला नव्हता. शिवाय नोंदच झाली नसती तर बाईंच्या विमा-दाव्याचा आधार कमजोर झाला असता.

तिसरा पर्याय, खरे सांगून विमा कंपनीमार्फत भरपाई देणे, हा मालकांना सर्वांत धोक्याचा वाटत होता. फोनचा वापर कबूल केला तर विमा कंपनी हात वर करील, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे लोक खोटे बोलतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्रयस्थ व्यक्तीच्या, म्हणजे येथे जखमी बाईंच्या, दाव्याविरुद्ध विमा कंपनी कोणते बचाव घेऊ शकते हे कलम १५० मध्ये मोजून सांगितले आहे: परवाना नसणे, मद्य किंवा अमली पदार्थांच्या अंमलाखाली वाहन चालवणे, हप्ता न मिळणे, परमिटच्या अटींचा भंग, अशा प्रकारचे. हातात फोन असणे त्या यादीत नाही. खरे बोलल्याने बाईंची भरपाई बुडणार नव्हती. उलट चूक कोणाची यावर वर्षानुवर्षे वाद घालण्याचे कारणच संपणार होते. हे समजल्यावर मालकांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

तरुणाच्या नोकरीचाही प्रश्न होता. सुनेचे मत त्याला काढून टाकावे असे होते, आणि तिच्या भीतीमागे कारण होते: गिऱ्हाईक काय म्हणेल? मालकांच्या पत्नींनी मात्र विचारले, “संदेश आपण पाठवायचा आणि घरी त्याने बसायचं?” घरात यावर दोन दिवस कडवट बोलणे झाले.

काय केले

तरुणाने जबाबात फोनची गोष्ट स्वतः सांगितली. मालकांनी ग्रुपवरील संदेश आहेत तसे ठेवले आणि पोलिसांना दाखवले. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत मोबाइलच्या वापराशी जोडलेल्या मृत्यूंचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास दाखवला गेला. हा वाटा वाचून अनेकांना प्रश्न किरकोळ वाटतो. पण नोंद कशी होते ते पाहावे: चालकाने सांगितले नाही आणि कोणी पाहिले नाही, तर फोनचा उल्लेखच होत नाही आणि अपघात अतिवेगाच्या किंवा निष्काळजीपणाच्या रकान्यात जातो. या तरुणाने तोंड उघडले नसते तर हा अपघातही तिकडेच गेला असता.

मालक तिसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले. त्यांनी बाईंना आणि त्यांच्या मुलाला, संदेश आमच्या दुकानातून गेला होता आणि उत्तराची घाईही आमचीच होती, असे सांगितले. शस्त्रक्रियेचा तातडीचा खर्च दुकानाने उचलला आणि ती रक्कम पुढे मिळणाऱ्या भरपाईतून परत मागणार नाही असे लिहून दिले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यास कलम १६६ नुसार अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. बाईंच्या कुटुंबाला ती ठाऊक नव्हती. त्यांनी स्वतंत्र वकील नेमावा आणि मुदतीत अर्ज करावा, असे मालकांच्या वतीने मीच त्यांना सुचवले. विरुद्ध बाजूने असे सुचवणे काहींना विचित्र वाटले, पण भरपाई विम्यातून मिळणार असताना ती मिळण्यात आडकाठी करून दुकानाचा कोणताच लाभ नव्हता.

यानंतर घरपोच सेवेची रीत बदलण्याकडे लक्ष वळले, आणि खरा वेळ यातच गेला. मुलांचे फोन दुकानात ठेवून घ्यावेत हा पहिला विचार टिकला नाही, कारण रस्ता शोधण्यासाठी फोन लागतो आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीने, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, मार्ग पाहण्यापुरता त्याचा वापर मान्य केलेला आहे. दुसरा विचार कानात ब्लूटूथ घालण्याचा होता. कलम १८४ ची भाषा हातात धरलेल्या उपकरणाची असल्यामुळे अशाने आपण कायद्याच्या कचाट्यातून सुटतो, असे काउंटरवरील मंडळींना वाटले. मी त्यास संमती दिली नाही. फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवणारे साधन वापरल्याने तो फारसा कमी होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण गुंतलेले असते ते मन. कानात मालकांचा आवाज चालू ठेवून फिरणारा मुलगा रस्त्यावर अर्धाच असतो.

शेवटी ठरले ते असे. दर फेरीचे सर्व पत्ते आणि पुड्यांचा क्रम यांची चिठ्ठी निघण्यापूर्वी तयार होते, आणि फेरी निघाली की तिच्यात बदल होत नाही. मुलगा वाटेत असताना त्याला फोन किंवा संदेश करण्याची काउंटरला मनाई आहे. प्रत्येक घरी औषध दिल्यावर, स्कूटर स्टँडवर लावलेली असताना, तोच दुकानाला कळवतो. मध्येच तातडीची मागणी आली तर ती दुसऱ्या मुलाकडे जाते, किंवा मालक स्वतः रिक्षाने पोचवतात. नियमित इन्सुलिन घेणाऱ्यांची यादी करून त्यांना ते संपण्याच्या चार दिवस आधी देण्याची पद्धत बसवली, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी बदल हाच ठरला. त्या संध्याकाळच्या संदेशातले इन्सुलिन आदल्या दिवशीच पोचले असते तर घाईचे कारणच नव्हते.

परिणाम

बाई वॉकर घेऊन चालू लागल्या आणि काही महिन्यांनी काठीवर आल्या. पूर्वीसारखे चालणे परत आलेले नाही. भरपाईचा दावा विमा कंपनीशी तडजोडीने निकाली निघाला. फौजदारी खटल्यात गंभीर दुखापतीचा भाग बाईंच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने मिटला. उरलेल्या कलमांखाली तरुणाने गुन्हा कबूल केला. आधीचा मेमो नोंदीवर असल्यामुळे कलम १८४ खाली दुसऱ्या गुन्ह्याचा १०,००० रुपये दंड झाला. दरजीपुरा येथील आरटीओकडून त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला.

तो दंड कोणी भरावा यावर आमच्यात मतभेद झाले. मालकांना पूर्ण रक्कम द्यायची होती. आधीचे ५०० रुपये गल्ल्यातून गेल्याचा परिणाम काय झाला ते मी त्यांच्यापुढे ठेवले. तरुणाने स्वतःच निम्मी रक्कम पगारातून हप्त्याने देण्याची तयारी दाखवली आणि ते मान्य झाले. निलंबनाच्या काळात तो पूर्ण पगारावर काउंटरवर होता. तेथे बसल्यावर, एखादे आजोबा तिसऱ्यांदा फोन करून “अजून आला नाही” म्हणतात तेव्हा संदेश पाठवण्याचा मोह किती होतो, हे त्याला कळले, आणि सुनेला त्याच्या तोंडून रस्त्याची बाजू कळली.

एका तासात औषध पोचवण्याचे वचन दुकानाला मागे घ्यावे लागले. काही गिऱ्हाईक तुटले. बहुतेक राहिले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी मेमोच्या दिवशी हातची गेली. तो कागद आला तेव्हाच, फोन हातात का होता आणि त्या वेळी पलीकडे कोण होते, एवढे विचारले असते तर ग्रुपवरची वेळ पाहून दहा मिनिटांत उत्तर मिळाले असते. रक्कम कमी असल्यामुळे कोणालाच ते विचारण्याची गरज वाटली नाही. तडजोडीची रक्कम कमी ठेवण्यामागे सामान्य माणसाचा खिसा पाहिला गेला हे मला समजते. तरीही पावतीवर, हा गुन्हा पुढील तीन वर्षे तुमच्या नावावर मोजला जाईल, अशी एक ठळक ओळ छापली गेली पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते.

नियम लेखी असता आणि तो चालवणाऱ्याइतकाच पाठवणाऱ्यालाही लागू असता, तर ‘फोन घेऊ नकोस’ आणि ‘लगेच कळव’ हे दोन हुकूम एकाच तोंडून निघाले नसते. आता दुकानात नेमणुकीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या कागदावर तशी अट आहे: वाटेत उत्तर न दिल्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही, आणि वाटेत संदेश पाठवणाऱ्याची नोंद त्याच वहीत होईल. मालकांनी त्याखाली पहिली सही स्वतःची केली आहे, दुसरी सुनेची.

रुग्णालयात जायला मालकांना तीन दिवस लागले, तेही टाळता आले असते. पहिल्या दिवशी गेलो तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल, या भीतीने ते थांबले होते. विचारपूस करायला जाणे आणि न्यायालयात जबाब देणे या निराळ्या गोष्टी आहेत. त्या तीन दिवसांत बाईंच्या मुलाची अशी खात्री झाली होती की दुकान काहीतरी लपवते आहे. ती दूर करायला पुढे कित्येक आठवडे गेले.